पुंजारामजींची ओळ

माझी बायको जमुना मार्चमध्ये गेली. तिच्यामागे घरात लिंबाच्या लोणच्याच्या दोन बरण्या, मी आणि लग्नपत्रिकांची एक वेबसाइट एवढं राहिलं. लोणचं मी संपवलं. माझं काय ते माहीत नाही. ही गोष्ट वेबसाइटची आहे.

अमरावतीला आमचा छापखाना होता. मी खिळे जुळवत मोठा झालो. म्हणजे शिशाची अक्षरं एकेक उचलून ओळ लावायची. जहीरभाई मशीन चालवायचा. लोक मोबाइलवर पत्रिका पाठवायला लागले तेव्हा आम्ही शटर ओढलं, आणि जहीरभाई अकोल्याला मुलीकडे राहायला गेला. मुलगी उज्मा, कॉम्प्युटरवर वेबसाइटी बनवते. मी महिनाभर घरात बसून राहिलो, तेव्हा जमुनानं परस्पर तिला फोन लावला. "बेटा, आमाले पत्रिकेची साइट करून दे. तुया चाचा पंख्याकडे पाहून राहिला दिवसभर."

साइट अशी की लग्नघरच्या माणसाला पासवर्ड द्यायचा. तो आत गेला की लिहायला एक चौकट दिसते आणि चौकटीच्या वर बटणांची पट्टी. अक्षर लहान करा, मोठं करा, जाड करा, रंग द्या, चित्र लावा. उज्मा त्याला एडिटर म्हणते. लोक मजकूर भरत, जमुना त्यांच्याशी फोनवर बोलत बसे, आणि चार दिवसांनी पत्रिका तयार. मला वाटायचं, पत्रिका एडिटर करतो आणि बाई नुसत्या गप्पा मारते.

फेब्रुवारीत वरूडच्या खुशालराव बेलसऱ्यांच्या मुलाचं, किशोरचं साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. लग्न डिसेंबरात. जमुनानं त्याच दिवशी पत्रिकेचं काम घेतलं आणि खुशालरावांना सांगितलं, "काई काळजी करू नका, मी हावो ना." पुढच्याच महिन्यात ती गेली.

तिनं घेतलेलं हे शेवटचं काम. ते मी नीट पुरं करायचं आणि मग साइट बंद करायची, असं ठरवून टाकलं. दुसऱ्या कोणाच्या हातात ते जाऊ द्यायचं नव्हतं. जमुनाबाईनं शब्द दिला आणि मग पत्रिका नागपूरच्या छापखान्यातून आली, असं वरूडात कोणी म्हणालं असतं तर मला सहन झालं नसतं.

नोव्हेंबरात खुशालरावांचा फोन आला. संत्र्याचा मोठा व्यापारी माणूस, फोनवरही लिलावात बोलल्यासारखा बोलतो.

"श्यामभाऊ, पासवर्ड द्या. आन् आयका, येत्या गुरुवारी पयली पत्रिका देवापुढं ठेवाची हाये."

मी पासवर्ड दिला. तो त्यांनी बेलसरे परिवाराच्या ग्रुपवर टाकला. ग्रुपवर एकशे बारा माणसं.

"सगळ्यायले काहून देला?" मी विचारलं.

"एकाले देला आन् एकाले नाई देला, तं नाई देला तो लग्नात जेवन का?"

रविवारी दुपारपर्यंत पत्रिकेचं काय झालं ते सांगतो. खाली 'विनीत' म्हणून बोलावणाऱ्यांची यादी असते, सौ. अमुक व श्री. तमुक, अशा तेरा ओळी. त्यातले एक काका वराच्या नावापेक्षा मोठे झाले होते. दुसऱ्या काकांनी स्वतःला लाल करून घेतलं. एका मामानं नावापुढे गॉगल घातलेला फोटो लावला. एक आतेमामा आधी यादीत नव्हतेच, ते स्वतःहून आले आणि थेट गणपतीच्या शेजारी बसले. वधूचं नाव रागिणी, ते शोधावं लागत होतं. मुहूर्त कोणीतरी अनवधानानं पुसून टाकला होता आणि त्या जागी संत्र्याचं चित्र होतं.

मी सोमवारी सकाळीच अकोल्याची एसटी धरली. मूर्तिजापूरला खुशालरावांचा फोन आला.

"श्यामभाऊ, पत्रिका पायली का? हे पत्रिका हाये का यात्रेतलं पोस्टर?"

"मी करतो नीट."

"जमुनाबाईच्या वेळेस असं नव्हतं होत, बाप्पा. माह्या पुतनीच्या पत्रिकेत तं कोनी हूं का चूं केलं नाई."

बाकीचा रस्ता मी खिडकीतून कपाशी पाहिली.

उज्माच्या घरी जहीरभाई दाराशीच उभा होता. जमुना गेल्यानंतर आम्ही पहिल्यांदा भेटत होतो. त्यानं माझ्या हातातली पिशवी घेतली, तिच्यात डोकावला आणि म्हणाला, "केळं कायले आनले? घरात घड लटकून राहिला."

उज्मानं पत्रिका उघडली आणि ओढणी तोंडावर धरून हसली. मग माझ्याकडे पाहून गंभीर झाली.

"चाचा, सांगा. काय करू?"

"जमुना जे करायची ते या एडिटरकडून करवून घे."

"चाची काय करत होत्या?"

मला सांगता येईना. शेवटी मी म्हटलं, "कोणाला मोठं होऊ देत नव्हती."

"मग सोपं हाये." तिनं एक भलीमोठी यादी उघडली. आत बटणांची नावं होती. त्यातली अक्षर लहानमोठं करायची ओळ तिनं खोडली. चौकटीवरचं बटण नाहीसं झालं. मला एकदम बरं वाटलं. आमच्या काळी असं असतं तर मोठे खिळे कुलपात ठेवले असते.

वीस मिनिटं शांतता होती. मग मोठे काका पुन्हा मोठे झाले.

"हे कसं?"

"मथळ्याचं बटन राहिलं होतं, चाचा. त्यांनी सोताले मथळा करून घेतलं."

मथळा काढला. काका जाड झाले. जाडपणा काढला. लाल काका निळे झाले, तेव्हा रंग काढले. गॉगलवाल्या मामासाठी चित्रं बंद केली. मग मामानं स्वतःला चौकोनी तक्त्यात बसवलं. उज्मा म्हणाली, तक्ता टाकायचं बटण तिनं दोन वर्षांत कोणाला दाबताना पाहिलं नव्हतं. तोही काढला.

जेवायच्या वेळी पट्टीवर दोनच बटणं उरली होती, एक 'जतन करा' आणि एक 'मागे घ्या'. आम्ही हात धुऊन बसलो. आयशाबी, म्हणजे जहीरभाईची बायको, मला वाढत होती आणि मी किती वाळलो ते जहीरभाईला सांगत होती. जहीरभाई म्हणाला, "मीबी वाळलो, ते नाई दिसत तुले." उठून पाहिलं तर मोठे काका परत मोठे.

"आता कुठून?" मी जवळजवळ ओरडलोच.

"दुसरीकडे मोठ्या अक्षरात लिहून इथं आनून चिकटवलं." उज्माच्या आवाजात थोडं कौतुक होतं. "हा मानूस मले नोकरीवर पायजे."

तिनं असं केलं की बाहेरून काहीही आणून चिकटवलं तरी ते आत आल्यावर साधं, एकाच मापाचं होईल. आणि एकच पासवर्ड होता तो मोडून टाकला. आता ज्याला आत जायचं त्यानं आपल्या मोबाइल नंबरानं जायचं, म्हणजे कोणी काय केलं ते दिसेल. दुपारी चारपर्यंत लाल काका थकले. मामा थकले. आतेमामा गणपतीजवळून उठून यादीत खाली जाऊन बसले. एकच नंबर राहिला, तो एकेचाळीस वेळा आत येऊन गेला होता.

पुंजाराम बेलसरे. खुशालरावांचे थोरले भाऊ, वय एकाहत्तर. सारखे मोठे होणारे काका ते हेच.

त्यांना आता मोठं होता येत नव्हतं, तर त्यांनी नवीनच काढलं. नावातल्या अक्षरांमध्ये रिकामी जागा सोडली. श्री. पुं जा रा म जी बे ल स रे, असं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवे पसरले होते.

"बेटा, हे बंद कर."

"चाचा, रिकामी जागा कशी बंद करू? मग सगळे एकमेकायले चिकटतीन."

तेवढ्यात खुशालरावांचा फोन. "श्यामभाऊ, माह्या मोठ्या भावाले आवरा. लोकं हासून राहिले. एवढी हौस होती तं सोताच्या पोराच्या लग्नात कराची होती."

"तुमी सांगा ना त्यायले."

"मी लहाना हावो. मी कसं सांगू?"

ते माझ्यावर आलं. माणसाला फोन करून, तुम्ही स्वतःचं नाव पसरवू नका, असं सांगायचं. मी पुरावा हातात असावा म्हणून जहीरभाईच्या नातीच्या दप्तरातली फुटपट्टी घेतली आणि पडद्यावर लावली. म्हणजे सांगता आलं असतं की तुमची ओळ इतरांपेक्षा एवढ्या सेंटिमीटरनं लांब आहे.

लांब नव्हती. वरची खुशालरावांची ओळ, सौ. मंदाताई व श्री. खुशालरावजी बेलसरे, जिथे संपत होती तिथेच पुंजारामजींची ओळ संपत होती. मी उज्माला त्यांचं सकाळचं मोठं नाव काढायला लावलं. जुनं सगळं साठवलेलं असतं. ते मोजलं. तेही तेवढंच. बाहेरून आणून चिकटवलं होतं तेही तेवढंच. जिथे एकदा एक अक्षर पुढे गेलं होतं तिथे त्यांनी परत येऊन एक जागा कमी केली होती.

जहीरभाई माझ्या खांद्यावरून पाहत होता. "श्याम," तो म्हणाला, "यानं ओळ भरली."

छापखान्यात ओळ कमी पडली की आम्ही शब्दांमध्ये शिशाचे कोरे तुकडे घालायचो, ओळ दोन्हीकडून सारखी येईपर्यंत. त्याला ओळ भरणं म्हणायचो. मला ते शिकायला सहा महिने लागले होते. हा एकाहत्तर वर्षांचा माणूस वरूडला बसून बोटानं मोबाइलवर तेच करत होता. एकेचाळीस वेळा.

मी यादी वरून खाली पुन्हा वाचली. तेरा ओळींत सौ. होती आणि श्री. होते. पुंजारामजींच्या ओळीत नुसते श्री.

अंगणात जाऊन मी फोन लावला.

"मी अमरावतीचा श्याम. पत्रिकेवाला."

"हां. तुमचं ते बटन बंद झालं काय? मले सापडून नाई राहिलं."

"बंद केलं, पुंजारामजी. तुमी नाव मोठं काहून करून राहिले होते?"

"मोठं कोन करून राहिलं? बराबर करून राहिलो. सगळ्यायच्या ओळी इथून तिथवर. माही अर्ध्यातच संपते. पायनाऱ्याले वाटन छापनाऱ्याची चूक हाये." मग म्हणाले, "तुमचीच बदनामी."

"माझ्यासाठी करत होते होय?"

"मंग?"

मला हसू आलं आणि त्यांना ते ऐकू गेलं. तेही थोडं खाकरले.

"ताईंचं नाव काय होतं?"

"सुंदराबाई. दोन साल झाले." मग ते म्हणाले, "तुमची जमुनाबाई माह्याशी दोनदा बोलली होती, पुतनीच्या पत्रिकेच्या वेळेस. अर्धा घंटा. नावाचं एक अक्षरबी नाई बोलली. गायीचं इचारे, गुडघ्याचं इचारे. तिचं कसं चालू हाये?"

त्यांना माहीत नव्हतं. मी सांगितलं.

पलीकडे त्यांनी रेडिओवरचे बाजारभाव बंद केले. मग ते म्हणाले, "सैपाक कोन करते?"

"मीच."

"वरन?"

"पातळ होते."

"माहंबी. डाळ जास्त टाकली तं बुडाले लागते." ते म्हणाले. "काय करता मंग?"

"पातळच खातो."

"हां. पातळच बरं."

मी विचारलं, तुमच्या ओळीत सुंदराबाईंचं नाव घालू का. ते म्हणाले, मेलेल्या माणसाचं नाव बोलावनाऱ्यात टाकत नाईत, तेवढं मले समजते. मी म्हटलं, समजते, पण घालू का. ते म्हणाले, खुशालले इचारा. आणि फोन ठेवून दिला.

खुशालरावांना न विचारताच मी आत येऊन उज्माला सांगितलं. रीतीप्रमाणे सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावाआधी कै. सौ. लागतं. तिनं तसं भरलं. कै. सौ. सुंदराबाई व श्री. पुंजारामजी बेलसरे. दहा मिनिटांत खुशालरावांचा फोन.

"श्यामभाऊ! त्याची ओळ आता सगळ्यायत लांब झाली!"

फुटपट्टी लावली. खरं होतं. त्या एका कै.नं ते सगळ्यांच्या पुढे गेले होते.

"आन् दुसरं," खुशालराव म्हणाले, "गेलेली बाई लग्नाचं बोलावनं कसं देईन? लोकं काय म्हनतीन? शुभ कामात कै.?"

मी पत्रिका छापणारा माणूस. माझ्या चाळीस वर्षांत असं कोणी केलेलं मी छापलेलं नाही. मी गप्प राहिलो. मी गप्प राहिलो की जमुना चिडायची, पण खुशालरावांवर त्याचा वेगळा परिणाम झाला. ते आपणहून बोलायला लागले.

"वयनी माह्या साक्षगंधाले सोता पुरनपोळ्या लाटत होती. दीडशे मानसाच्या. किशोर तं तिच्याच मांडीवर वाढला. मंदा दवाखान्यात होती तवा." मग एकदम, "पन कै. नको. त्यानं पोराले कसंतरी वाटन."

"कै. काढतो," मी म्हटलं.

"मंग सौ. बी लावता नाई येत. गेलेल्या बाईले नुसतं सौ. कसं लावान?"

"सौ. बी काढतो."

"मंग माह्या बायकोले सौ. आन् वयनीले काईच नाई? हे बरं दिसते का?"

"मग सगळ्यांचंच काढतो. श्री. पण काढतो. नुसती नावं. मंदाताई व खुशालराव. सुंदराबाई व पुंजाराम."

ते म्हणाले, "माहं श्री. जाईन?"

"सगळ्यांचं जाईल."

"तो लाल झाला होता त्याचंबी?"

"त्याचंबी."

"काढा," खुशालराव म्हणाले.

उज्मानं एडिटरला असं सांगून ठेवलं की नावांच्या यादीत कोणी श्री., सौ., माजी सरपंच, माजी संचालक असं काही लिहिलं, तर जतन करताना ते आपोआप गळून पडेल. यादी एकदम हलकी झाली. चौदा जोड्या, चौदा ओळी. एकीकडे थोड्या कमी, एकीकडे थोड्या जास्त, नावं जशी होती तशा. मोठ्या आत्यांनी एकदा 'सौ.' घालून पाहिलं. ते गळालं. त्यांनी पुन्हा घातलं. पुन्हा गळालं. मग त्यांनी ग्रुपवर लिहिलं की साइटमध्ये बिघाड आहे. खुशालरावांनी लिहिलं की बिघाड नाही, परिवारानं ठरवलं आहे. परिवारानं कधी ठरवलं, यावर दोन दिवस ग्रुप चालला, पण पत्रिकेला कोणी हात लावला नाही.

गुरुवारी सकाळी पत्रिका देवापुढे ठेवल्याचा फोटो आला. वर हळदीकुंकू लावलेलं होतं. मी तो मोठा करून खालची यादी वाचली. मग पुन्हा वाचली. नागपूरच्या कुठल्या छापखान्याचं नाव त्यावर नव्हतं.

दुपारी उज्माचा फोन. "चाचा, काम झालं ना? साइट बंद करायची म्हनत होते तुमी. करू?"

"सोमवारी पाहू," मी म्हटलं. अंजनगाव सुर्जीहून एका माणसाचा फोन येऊन गेला होता, तो परत करणार होता. त्याच्या घरात पाच काका होते आणि तीन जण एकमेकांशी बोलत नव्हते.

संध्याकाळी पुंजारामजींचा फोन आला. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलतील.

"श्यामराव, पत्रिका पायली. सुंदराचं नाव बराबर आलं."

"बरं झालं."

"पन खुशालचं नाव माह्यापेक्षा जाड दिसून राहिलं."

"नाही हो. सगळी एकाच मापाची आहेत. जाड करायचं बटणच काढलंय."

"दिसून राहिलं ना मले. थोडं. तुमी पाहा."

मी पाहिलं. तसं काही नव्हतं. मी म्हटलं, "पाहतो, पुंजारामजी. गाय कशी आहे?" त्यांनी गायीचं सांगितलं, मग गुडघ्याचं सांगितलं, मग वरणात थोडा भाजलेला कांदा टाकून पाहिला तर बरं लागतं, असं सांगितलं. पाऊण तास गेला.

फोन ठेवल्यावर मी चहा केला, प्यालो, कप धुतला. मग त्यांना फोन लावला आणि म्हटलं, "आता पाहा."

त्यांनी पाहायला वेळ घेतला. चष्मा शोधल्याचा आवाज आला.

"हां," ते म्हणाले. "आता बराबर झालं."

मी काहीच केलं नव्हतं. जमुनाही असंच करायची का, ते आता विचारता येत नाही.